प्रवचनात भाजलेला पाय

मी एक जुना चमचा आहे. मित्रांनो, लगेच तोंडाला पाणी सुटू देऊ नका. सूप, खीर, मुरंबा असल्या फालतू गोष्टींशी माझा जन्मात कधी संबंध आला नाही. मी हाडं खरवडणारा चमचा आहे. माणसाच्या पायात हाड सडलं, की सडलेलं तेवढं खरवडून बाहेर काढायचं आणि चांगलं तेवढं जागेवर ठेवायचं, हे माझं काम. माझी वाटी करंगळीच्या नखाएवढी आणि तिची कड वस्तऱ्यासारखी. स्वयंपाकघरातले चमचे मी पाहिले आहेत. बोथट, गुळगुळीत, कुणाच्याही तोंडात जाणारे. त्यांनाही चमचा म्हणतात आणि मलाही चमचाच म्हणतात, याचा मला फार राग येतो.

माझा जन्म जर्मनीतल्या एका डोंगरी गावात झाला. एका मिशाळ कारागिरानं मला तापवलं, ठोकलं, कानशीनं घासलं आणि माझी धार स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर तपासली. नखाचा बारीक पापुद्रा निघाला तसा तो समाधानानं हुंकारला. आयुष्यात मला मिळालेली ती पहिली शाबासकी. पुढे फारशा मिळाल्या नाहीत, कारण डॉक्टर मंडळी शाबासकी स्वतःकडेच ठेवून घेतात.

तेलकट कागदात गुंडाळून मला हॉलंडच्या उत्तरेला, ग्रोनिंगेनच्या सपाट मुलखात पाठवलं. तिथे कालव्याच्या काठी एक लहानसं इस्पितळ होतं. सिस्टर आल्त्ये आम्हा हत्यारांना उकळून काढायची, पुसायची आणि ट्रेमध्ये ओळीनं मांडायची. माझ्या शेजारी करवत असायची. तिच्याबद्दल माझं मत मुळीच चांगलं नाही. तिला मेलेलं हाड आणि जिवंत हाड यातला फरक कळत नाही. समोर आलं की कापलं. मला कळतो. मेलेलं हाड पिवळट, निस्तेज आणि भिजलेल्या खडूसारखं भुसभुशीत असतं. त्याला कितीही खरवडा, रक्त येत नाही. खरवडत खरवडत जिवंत हाडाला पोचलं, की रक्ताचे बारीक ठिपके वर येतात. ते दिसले की थांबायचं. पण एवढ्याला वेळ आणि धीर लागतो. करवतीला दोन्ही लागत नाही, म्हणून घाईच्या डॉक्टरांची ती लाडकी.

आणि माणसं? मी त्यांचे पाय आतून पाहिले आहेत, त्यामुळे त्यांच्याबद्दल आदर वाटणं अवघड आहे. त्या मुलखातली माणसं फार स्वच्छ म्हणून मिरवतात. खिडक्यांच्या काचा लखलखीत, दारापुढची फरशी साबणानं घासलेली, बूट असे चमकवलेले की त्यात चेहरा दिसावा. आणि त्या बुटातला पाय? त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. पाय सुजला, विचारलं तर म्हणणार, “ठीक आहे.” पाय काळा पडला, “चालतंय.” मोज्यातून पू गळायला लागला, “अहो, त्यात काय एवढं!” कण्हणं म्हणजे त्यांना तमाशा वाटतो. मग पाय सडवून घेतात आणि बायकोनं ओढत आणलं की डॉक्टरांसमोर येऊन बसतात. वर पुन्हा बूट काढायला लाजतात.

अशांचा राजा म्हणजे लूबर्ट हाम्मिंगा. त्याची हकिकत मी सांगणार आहे, कारण माझ्या उभ्या आयुष्यात माणसांच्या मूर्खपणाचा असा नमुना मी दुसरा पाहिला नाही. त्यातली बरीचशी मला पुढे त्याच्या बायकोच्या, ख्रीत्येच्या तोंडून कळली. तिचं तोंड थांबत नसे आणि त्याबद्दल मी तिचा आभारी आहे.

लूबर्ट गावातल्या जुन्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. तो ऑर्गन म्हणजे भिंतभर उंच नळ्यांचा डोलारा. वाजवणारा वर सज्जात, खालच्या मंडळींकडे पाठ करून बसतो. खाली प्रार्थना चालवणाऱ्या पाळकाची खूण दिसावी म्हणून त्याच्या डोक्यासमोर एक आरसा टांगलेला असतो. हातांसाठी पट्ट्या असतात तशा पायांसाठीही लांब लाकडी पट्ट्या असतात आणि त्यातले खालचे, घुमणारे सूर डाव्या पायाकडे. लूबर्टला त्या पायाचा मोठा अभिमान होता. “उजव्या पायानं कुणीही वाजवतो. डाव्या पायाखाली अख्खं चर्च हललं पाहिजे,” असं तो म्हणायचा. त्या पायाला साखरेच्या आजारानं काही कळेनासं झालं होतं, हे मात्र त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना नाही आणि ख्रीत्येलाही नाही. प्रवचन सुरू झालं की त्या मुलखात सगळेच पेपरमिंटच्या गोळ्या चघळतात. लूबर्टही चघळायचा आणि साखर आहे म्हणून एखादी गोळी कमी करावी, असं त्याच्या मनातही आलं नाही.

चर्च दगडी आणि थंडगार. म्हणून म्हातारीकोतारी पायशेगडी घेऊन बसत. ही शेगडी म्हणजे वर भोकं पाडलेली एक लाकडी पेटी. आत मातीच्या वाडग्यात निखारे आणि वर पाय. मला विचाराल तर माणसानं केलेल्या वस्तूंत इतकी बिनडोक वस्तू दुसरी नाही. लाकडाच्या खोक्यात विस्तव घालून त्यावर आपलंच मांस ठेवायचं! ख्रीत्ये दर रविवारी ही शेगडी भरून वर सज्जात आणून ठेवायची. प्रवचन सुरू झालं की लूबर्ट बूट काढायचा, मोज्यातला डावा पाय शेगडीवर टेकायचा आणि गोळी चघळत डुलक्या घ्यायचा.

त्या हिवाळ्यात पाळक नवे आले होते. त्यांना आपल्या आवाजाचं भारी प्रेम. जुने पाळक अर्ध्या तासात स्वर्गात पोचवत. हे नरकातच तासभर हिंडवत. ज्याच्या पायाला जाणीव आहे तो दहा मिनिटांत चटका बसून पाय उचलेल. लूबर्टचा पाय तासभर जागचा हलला नाही. नरकाच्या वर्णनाबरोबर वर सज्जात त्याचा तळवा हळूहळू शिजत होता आणि त्याला पत्ताच नव्हता.

अंगठ्याखाली फोड आला, फुटला, जखम झाली. लूबर्टनं ती बघितलीच नाही, कारण बघायला दुखावं लागतं. जखम आत आत गेली. मग गंमत सुरू झाली. खालचे सूर चुकायला लागले. सुजलेला पाय एका पट्टीऐवजी दोन पट्ट्यांवर पडायचा आणि स्तोत्राच्या मधोमध ऑर्गन बैलासारखा हंबरायचा.

चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी बेरेंट नावाचा एक लोणीवाला होता. त्यानं विचारलं, “लूबर्ट, खालचे सूर दोन-दोन एकदम का रे बोलतात?”

“म्हातारा झालाय,” लूबर्ट म्हणाला.

“कोण, तू?”

“मी कसला! ऑर्गन. ओल धरलीय लाकडानं.”

झालं. पंचांनी माना डोलावल्या. शहरातून ऑर्गनवाला कारागीर बोलावला. त्यानं ऑर्गनचं पोट उघडलं, प्रत्येक नळी फुंकून बघितली, पायपट्ट्या एकेक काढून पुसल्या आणि सांगितलं, “ऑर्गन ठणठणीत आहे. वाजवणाऱ्याकडे बघा.” पंचांना हे झोंबलं. त्यांनी त्या कारागिराला अडाणी ठरवलं आणि दुसरा बोलावला. एवढे सगळे शहाणे लाकडाला ओल लागली का हे कान लावून ऐकत होते आणि तिथेच वीतभर अंतरावर हाड सडत होतं. माणूस किती ठार आंधळा असू शकतो, हे मला ते ऐकून नीट कळलं.

वास पहिल्यांदा ख्रीत्येला आला.

“हा कसला वास?”

“शेगडीचा.”

“आज मंगळवार आहे, लूबर्ट. शेगडी रविवारी असते. मोजा काढ.”

“काही नाही गं. ठीक आहे.”

“काढतोस की कात्री आणू?”

मोजा निघाला तसं अंगठ्याखाली पू भरलेलं भोक दिसलं. शेजाऱ्याची गाडी थांबवून ख्रीत्ये लूबर्टला थेट आमच्या इस्पितळात घेऊन आली.

डॉक्टर ओस्टिंग तेव्हा ऐन भरात होते. हात कुशल, पण स्वभाव उतावळा. मी त्याच खोलीत काचेच्या कपाटात होतो, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. त्यांनी जखमेत एक बारीक सळई घातली. ती सरकत आत गेली आणि टक् करून थांबली. तो आवाज मी ओळखतो. सळई हाडाला टेकली, म्हणजे हाड उघडं पडलं आणि सडण हाडात शिरली.

“दुखलं?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाही,” लूबर्ट अभिमानानं म्हणाला. मला तिथेच त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, पण मला हात नाही.

डॉक्टरांनी हात धुतले. “हाड गेलंय. पाय गुडघ्याखाली काढू. सकाळी सगळ्यात आधी तुम्हालाच घेतो. झटपट काम आहे.”

लूबर्टचा चेहरा उतरला. “डावा?”

“डावाच सडलाय, हाम्मिंगा. उजवा कशाला काढू?”

“डावा गेला तर खालचे सूर कोण वाजवणार?”

“लाकडी पाय मिळतो. लोक त्यावर सायकल चालवतात.”

ती माणसं रडत नाहीत. पण लूबर्टचा तो मुर्दाड पाय खाटेच्या पट्टीवर कुठलंतरी स्तोत्र वाजवायला लागला. ताल चुकत होता आणि त्याला ते ऐकूही येत होतं. मला त्याची कीव आली. तिरस्काराच्या जोडीला कीव आली म्हणजे तिरस्कार कमी होतो असं कुणी समजू नये. दोन्ही एकाच वेळी मावतात.

बोलली ती ख्रीत्ये. “निखारे मी भरले, डॉक्टर. प्रवचन लांबतं म्हणून दर रविवारी दोन जास्त घातले. त्याला थंडी वाजू नये म्हणून.” तिनं भीडभाड न ठेवता नाक शिंकरलं आणि पुढे म्हणाली, “आता मला एक सांगा. आमच्या ऑर्गनला दोनदा उघडून बघितलं आणि मग ठरवलं काय झालंय ते. तुम्ही याचा पाय उघडून बघितलात?”

“बाई, मी सळई घातली ना.”

“सळई भोकातून गेली. भोकाच्या आजूबाजूला काय आहे ते कुठे बघितलंत?”

“बाई, तुम्ही लोणी विकता की शस्त्रक्रिया करता?”

“लोणी बेरेंट विकतो. मी विचारते. पाय उघडा, बघा आणि मग कापा.”

डॉक्टरांना राग आला. चांगलाच आला, कान लाल झाले. पण रागाच्या भरात का होईना, त्यांनी पुन्हा पायाला हात लावला. पाऊल गरम होतं. वरच्या बाजूला, बोटांच्या थोडं मागे, नाडी चांगली ठोके देत होती. म्हणजे पायाला रक्त पोचत होतं. हे त्यांनी आधीच बघायला हवं होतं. शिकलेल्या माणसाला घाई झाली, की शिकलेलं आधी खुंटीला टांगलं जातं.

“ठीक आहे,” ते शेवटी म्हणाले. “सकाळी पाय उघडतो. सडण अंगठ्याच्या मुळाशीच असेल तर खरवडून बघतो. मागे पसरली असेल तर करवत. मधेच विचारायला थांबणार नाही. कबूल?”

“कबूल,” लूबर्ट म्हणाला.

सकाळी सिस्टर आल्त्येनं ट्रेमध्ये आम्हा दोघांना शेजारी शेजारी ठेवलं, मला आणि करवतीला. करवत नेहमीप्रमाणे मिजाशीत. लूबर्टच्या कमरेत सुई टोचून फक्त खालचं अंग बधिर केलं होतं, त्यामुळे तो जागा होता. त्याच्या छातीवर पडदा लावला होता. त्याला दिसत काही नव्हतं, फक्त ऐकू येत होतं.

सुरीनं जखम मोकळी केली. पू वाहिला, तो पुसला. अंगठ्याखालचं हाड दिसायला लागलं. पिवळट, निस्तेज, भिजलेला खडू. डॉक्टरांनी हात पुढे केला. ट्रेवर धातूचा आवाज झाला.

पडद्यापलीकडून लूबर्टनं विचारलं, “काय उचललंत?”

“गप्प पडा.”

“करवत?”

“चमचा आहे, हाम्मिंगा. गप्प पडा.”

मी हाडात उतरलो. मित्रांनो, मेलेल्या हाडाला स्वाभिमान नसतो. ते प्रतिकार न करता भुसभुशीतपणे निघत येतं. मी खरवडत गेलो, कपचे वाडग्यात पडत गेले. सांध्याचं टोक पुरतं गेलं. मी आणखी मागे सरकलो. अजून पिवळंच. डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. एकदा त्यांची नजर करवतीकडे गेली आणि तीही लगेच चमकली. मी मनात म्हटलं, जरा दम धरा, अहो जरा दम धरा.

“आवाज बदलला,” लूबर्ट म्हणाला.

“काय?”

“इतका वेळ भुशासारखा येत होता. आता खणखणीत येतोय.”

“तुमचा ऑर्गन नाही हा!” डॉक्टर खेकसले. पण त्यांनीही ते हातानं ओळखलं होतं. त्यांनी कापसानं जागा टिपली आणि खाली वाकले. घट्ट, पांढऱ्या हाडातून रक्ताचा एक बारीक ठिपका वर आला. मग दुसरा. मग कितीतरी.

“बास,” डॉक्टर म्हणाले आणि मला ट्रेमध्ये ठेवलं. “सिस्टर, करवत घेऊन जा.”

ते वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. करवतीला तसंच कोरडं उचलून नेलं. पडद्यापलीकडे लूबर्ट रडत होता. ती माणसं रडत नाहीत, असं मी मघाशी म्हटलं ते साफ चूक होतं. डॉक्टरांची मात्र दुसऱ्या दिवसापासून इस्पितळभर फुशारकी, “मी पाय वाचवला!” माझं नावही नाही आणि ख्रीत्येचंही नाही.

जखम शिवली नाही. ती उघडी ठेवून रोज आत स्वच्छ कापड भरलं, पेनिसिलिनच्या सुया टोचल्या, तळापासून ती भरून यायची वाट पाहिली. वसंतापर्यंत लूबर्टला तो पाय जमिनीला टेकवायची बंदी होती. अंगठा राहिला, पण आतलं हाड गेल्यामुळे तो नुसता शोभेचा, चर्चच्या पंचासारखा. जागा अडवतो, काम करत नाही.

माझं काय झालं? माझी कड झिजली. नवी हत्यारं आली आणि मला भंगारात काढायचं ठरलं. इतक्या वर्षांच्या सेवेनंतर भंगार! माणसांकडून मी वेगळी अपेक्षा ठेवलीच नव्हती. त्याच वसंतात भरून आलेली जखम दाखवायला आलेल्या लूबर्टनं मला मागून घेतलं. आता मी ऑर्गनच्या बाकाच्या पोटात, स्तोत्रांच्या पुस्तकांशेजारी पडून असतो. लूबर्ट माझ्या वाटीनं पट्ट्यांवर सांडलेलं मेण खरवडतो. हाडं खरवडणाऱ्यावर मेण खरवडायची वेळ आली. असो.

पण तिथे मी एक गोष्ट पाहिली. लूबर्टच्या पायाला जाणीव काही परत आली नाही. पट्टी पायाखाली आली की नाही, हे त्याला कळायचं नाही. म्हणून त्यानं पाळकाची खूण दाखवणारा तो आरसा खाली वाकवला आणि पाय बघून वाजवायला शिकला. अंगठ्याऐवजी टाच वापरायला लागला. आणि प्रवचन सुरू झालं की शेगडीही नाही आणि गोळीही नाही. बूट काढायचा, दोन्ही मोजे काढायचा आणि एकेक तळवा आरशासमोर धरून निरखत बसायचा.

खालच्या मंडळींनी मान वर केली की त्यांना कठड्यामधून ऑर्गनवाल्याचा उघडा पाय दिसायचा. पंच खवळले. बेरेंट जिना चढून वर आला. “देवाच्या घरात अनवाणी? लाज नाही वाटत?”

पाळकाची खूण सांगायला आता ख्रीत्ये शेजारीच बसत असे. ती म्हणाली, “बेरेंट, तुझे बूट आज फारच चकचकीत आहेत. आतले पाय कधी बघितलेस?”

बेरेंट गुपचूप खाली गेला. त्या दिवशी घरी जाऊन त्यानं पाय बघितले असतील, असं मला अजिबात वाटत नाही.

एका रविवारी प्रवचन संपत आलं होतं. लूबर्टनं उजवा तळवा आरशासमोर धरला आणि तसाच धरून ठेवला. टाचेजवळ एक लाल ठिपका होता, जेमतेम मटाराएवढा. नव्या बुटाच्या शिवणीचा धागा लागला होता. त्यानं ख्रीत्येकडे पाहिलं. पाळकानं खालून खूण केली. आरसा वाकवलेला आणि ख्रीत्येची नजर टाचेवर, त्यामुळे ती कुणाला दिसली नाही. लूबर्टनं ऑर्गन बंद केला, ख्रीत्येच्या खांद्यावर हात टाकला आणि तो पाय अधांतरी ठेवून जिना उतरायला लागला.

बेरेंट जिन्याखाली आडवा आला. “अरे, शेवटचं स्तोत्र राहिलंय!”

“थांबू दे,” लूबर्ट म्हणाला. “हे थांबणार नाही.”

मंडळी ऑर्गनशिवाय गायली आणि भयंकर बेसूर गायली. मी बाकाच्या पोटात पडून सगळं ऐकत होतो. डॉक्टर ओस्टिंगनी तो ठिपका धुतला, पट्टी लावली आणि आठवडाभर पाय टेकू नका म्हणून सांगितलं. ठिपका बरा झाला. सळई लागली नाही, सुरी लागली नाही, चमचा लागला नाही. माझी कुणाला आठवणही झाली नाही आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला रविवार तोच, हे मी कबूल करतो. लूबर्ट हा एकच माणूस माझ्या तिरस्कारातून सुटला.

तुमचं काय, मित्रांनो? तुम्ही ही गोष्ट वाचलीत, पायात मोजे असतील. आज झोपायच्या आधी ते काढा आणि तळवे बघा. घरात ज्यांना साखर आहे, त्यांचेही बघा. त्यांना वाकता येत नसेल तर आरसा धरा. नाही बघितलेत तरी माझं काही बिघडत नाही. माझ्यासारखे चमचे अजून बनतात, आणि करवतीसुद्धा.